पांढरीतला राजा

“मग राजा राहायचा तरी कुठं, सर?”

लाटकरनं सकाळपासून हाच प्रश्न लावून धरला होता. जुन्या पांढरीच्या, म्हणजे ओस पडलेल्या गावठाणाच्या टेकाडावर तो खड्ड्यांच्या कडेकडेनं येरझाऱ्या घालत होता. उद्या समिती पाहणीला येणार. राजसत्तेचा पुरावा दिसला तर उत्खनन पुढं चालू. नाहीतर खड्डे बुजवा आणि घरी जा.

त्याचे गुरू ठोसर सर मातीच्या ढिगावर बसून शेंगा सोलत होते.

“सापडलं काय काय?”

“घरं. सगळी सारखी. चुली, खापरं, हाडं, पिढ्यान्‌पिढ्यांचा उकिरडा. वाडा नाही, तट नाही, साधी तलवार नाही.”

“आणि मधल्या खड्ड्यात?”

“काहीच नाही. स्वच्छ माती. तो आत्ताच बुजवायला सांगतो.”

“एवढ्या दाटीवाटीत तिथंच काही नाही?”

“रिकामी जागा दाखवू समितीला?”

सरांनी आणखी एक शेंग फोडली.

लाटकरनं राजसत्तेवर जाडजूड प्रबंध लिहिला होता. त्यात राजा सोडून सगळं होतं.

“येरझाऱ्यांनी टेकाड झिजेल, राजा नाही निघायचा,” सर म्हणाले. मग ते उठले. तळावर खुर्ची एकच, लाटकरची. ती त्यांनी उचलली, खाली चिंचेपाशी नेली. तिथं खोदकामावरच्या बाया भाकरी खात बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध खुर्ची ठेवून सर परत येऊन ढिगावर बसले.

बायांनी एकमेकींकडं पाहिलं. फडकी गोळा केली. एकेक करून मागं सरकल्या. दोघीतिघी तर पार उन्हात गेल्या.

लाटकर तरातरा खाली उतरला.

“अहो गोजराबाई, उठलात कशाला? खुर्ची रिकामीच आहे.”

“रिकामी हाय, पर सायबाची हाय.”

“मी कधी म्हटलं का, लांब बसा म्हणून?”

“सांगाया कशाला लागतंय?” गोजराबाई म्हणाली. बाकीच्या पदराआड हसल्या. पण सावलीत कुणी परतलं नाही.

खुर्चीभोवती मोकळी जमीन पडली होती. भाकरीचा तुकडा नाही, कांद्याचं साल नाही. लाटकर त्या जमिनीकडं बघत राहिला… मग वर, टेकाडाकडं.

वर मधल्या खड्ड्यापाशी गडी पाट्या भरून उभा होता.

“टाकू का माती, सायेब?”

लाटकर धावतच टेकाड चढू लागला.

सरांनी शेंगेचं टरफल खिशात घातलं.

“थांब रे,” ते गड्याला म्हणाले. “आत माणूस बसलाय.”