आक्का मांजर आणि राजाची मिशी

रेवू, पाय पोटाशी घे. चिमे, तिची चादर ओढू नकोस, सांगून ठेवते. हं, ऐका आता. एकदा काय झालं, एक होता राजा. नाव त्याचं दौलतसेन. राज्य केवढंसं? सकाळी फिरायला निघाला की जेवायच्या वेळेला फिरून घरी! पण मिशी? अगंबाई, मिशी या कानापासून त्या कानापर्यंत. मेण लावून लावून टोकं अशी वर वळवलेली. दरबारात आधी मिशी यायची, मग राजा.

या राजाची एक मांजर होती, आक्का. राजाच्या आईनं जाताना ती त्याच्या मांडीवर ठेवली होती. "हिला जप रे बाबा," एवढंच म्हणाली बिचारी. तेव्हा आक्का पिल्लू होती, आता झाली होती सोळा वर्षांची. दात पडले, चाल मंदावली, पण तोरा पट्टराणीचा! रोज सकाळी राजाच्या मांडीवर चढायची, त्याची मिशी चाटून सारखी करायची आणि मगच दुधाला तोंड लावायची. मिशी नाही तर दूध नाही. अशी खाष्ट, बरं का!

मग काय झालं, गावाबाहेर होती मांजरांची धर्मशाळा. तिचं छप्पर शाकारायला काढलं. तोवर मांजरं ठेवायची कुठं? लोकांनी वाटून घेतली. उरली तीन पिल्लं. मुठीएवढी आणि शेंबडी. राजा म्हणाला, "आणा ती माझ्याकडे!" मन लोण्याचं हो त्याचं. डोकंही थोडं लोण्याचंच.

टोपली घेऊन स्वारी निघाली ती थेट आक्काच्या खोलीकडे. तेवढ्यात दारात आडवी आली गोदूबाई वैदीण. ही जनावरांना औषध द्यायची. हातात काठी आणि तोंडाचा पट्टा असा, की राजासुद्धा तिला टरकून असायचा.

"कुठं निघालात, महाराज?"

"आक्काला पाहुणे दाखवतो."

"अहो, पाहुण्यांची नाकं वाहतायत, दिसत नाही का तुम्हाला? ही पोरं चार दिवस शिंकतील आणि उड्या मारायला लागतील. तीच सर्दी आक्काला झाली तर? म्हातारा जीव, हाती लागायचा नाही!"

राजाचं तोंड एवढंसं झालं. आईची आठवण आली ना त्याला.

मग गोदूबाईनं बजावलं, "चौदा दिवस पिल्लं त्या टोकाच्या कोठीत. दार बंद. त्यांच्या वाट्या वेगळ्या, अंथरूण वेगळं, शी-शूची माती वेगळी. सकाळी आधी आक्का, मग पिल्लं. आणि पिल्लांकडून आलात की आंघोळ करून, कपडे बदलूनच इकडे पाऊल टाकायचं. कळलं?"

"कळलं, कळलं," राजा म्हणाला. कसलं कळतंय!

पहिल्या दिवशी उठला तो आधी पिल्लांकडेच. मग धावतपळत आंघोळ केली, कपडे बदलले आणि खांद्यावर उपरणं मात्र तेच! गोदूबाईनं दारातच ते काठीनं उचललं आणि टाकलं उकळत्या पाण्यात. जरीचं उपरणं, हो! त्याचं झालं फडकं.

दुसऱ्या दिवशी उपरणं नवं, पण जोडे तेच. मग जोडे गेले आणि राजा दरबारात गेला अनवाणी. प्रधानाला वाटलं, महाराजांनी काही नवस केला असेल. त्यानंही आपले जोडे काढले. मग काय, सगळा दरबार अनवाणी!

तिसऱ्या दिवशी राजानं सगळं बदललं. ऐटीत आक्कासमोर बसला. आक्का मांडीवर चढली, जीभ बाहेर काढली, आणि गोदूबाई ओरडली, "थांबा! त्या मिशीत काय आहे?"

मिशीत चिकटले होते पिल्लांचे केस. आणि एक ओलं भाताचं शीत. राजा आंघोळ करायचा खरा, पण मिशीची टोकं पडतील म्हणून तिला पाणीच लागू द्यायचा नाही! मग रिठ्यानं घासली, शिकेकाईनं घासली. छे! दहा वर्षांचं मेण ते, निघतंय कशाला?

"मग चौदा दिवस आक्कापासून लांब राहा," गोदूबाई म्हणाली.

राजा राहिला लांब. पण आक्कानं दुधाकडे पाठ फिरवली. एक दिवस गेला, दोन दिवस गेले. कुशीतली हाडं दिसायला लागली. राजा दाराच्या फटीतून बघायचा आणि डोळे पुसायचा. आता करायचं काय? मिशी ठेवली तर दुखणं, काढली तर उपास!

शेवटी म्हणाला, "बोलवा न्हाव्याला." न्हावी कात्री घेऊन आला. राजानं डोळे मिटले, "आई गं" म्हणाला, आणि कचाकच! गेली मिशी.

हसू नका गं. त्याला काय वाटलं असेल?

मग राजा चांगला डोक्यावरून न्हाला आणि आक्काकडे निघाला. पहारेकऱ्यानं भाला आडवा धरला. "ए, कोण रे तू?" राजा म्हणाला, "अरे गाढवा, तुझा राजा!" आवाज ओळखला तेव्हा कुठं सोडलं.

आक्का कोपऱ्यात पडली होती. राजानं तिला हळूच मांडीवर घेतलं. तिनं वर पाहिलं, शेपूट फुगवली आणि फिस्सकन अंगावर आली! "आक्का, मीच गं," तो म्हणाला. मग तिनं हुंगलं. हात हुंगले, गळा हुंगला, हनुवटी हुंगली. आणि जिथं मिशी होती ना, तिथंच, त्या गुळगुळीत ओठावर, चाटायला लागली. या टोकापासून त्या टोकापर्यंत. चाटून झाल्यावर उतरली आणि लपालपा वाटीभर दूध प्यायली.

राजा लहान पोरासारखा रडला. गोदूबाईनंही पदर डोळ्याला लावला, पण म्हणाली काय, "धूर फार झालाय इथं." धूरबीर काही नव्हता!

आणि ती कापलेली मिशी? ती दिली पिल्लांना खेळायला. चौदा दिवसांत तिच्या पार चिंध्या केल्या त्यांनी. शिंका थांबल्या, नाकं कोरडी झाली, मग दार उघडलं. आक्कानं तिघांना एकेक चापट दिली आणि मग शेजारी घेतलं. धर्मशाळेत परत कोण पाठवतंय? पुढे मिशी उगवली. उजवी बाजू आक्का चाटायची, डावी ती तिघं ओढायची. त्यामुळे राजाची मिशी जन्मभर वाकडीच राहिली, पण सगळी सुखात राहिली.

झाली गोष्ट. मिटा डोळे. काय गं चिमे, संध्याकाळी गोठ्यातल्या नव्या पिल्लांना कुरवाळून आलीस ना? हात धुतलेस? नाही? आणि आपली म्हातारी मांजर ठकी तुझ्या पांघरुणात घुरघुरतेय? ऊठ आधी! साबण लाव, फ्रॉक बदल, आणि मग ये माझ्या कुशीत.