सरकारांचे आत्मचरित्र

पिंपळदरी संस्थानच्या सरकारांनी आत्मचरित्र लिहिले आणि म्हातारे ग्रंथपाल विश्वंभरपंत पेचात पडले. ग्रंथालयात खऱ्या लेखनाची चार कपाटे होती : चरित्रे, इतिहास, प्रवासवर्णने आणि निबंध. कल्पित कथा-कादंबऱ्या पाचव्यात. पुस्तकात तर सरकारांनी नवव्या वर्षी वाघ लोळवला होता, आणि दुष्काळात त्यांच्या नुसत्या दर्शनाने विहिरी भरल्या होत्या. पुस्तक चरित्रांत लावावे तर विद्येशी बेइमानी, कादंबऱ्यांत लावावे तर नोकरी जाणार.

दुसऱ्याच दिवशी सरकार दिवाणांना घेऊन हजर झाले. "पंत, आमचं पुस्तक चरित्रांत दिसत नाही. कुठं दडवलंत?"

"माझं चुकतही असेल, सरकार," पंत चाचरत म्हणाले, "पण या कपाटातला प्रत्येक माणूस कुठं ना कुठं चुकलेला आहे. आपल्या चारशे पानांत चूक म्हणून नाही. असं चरित्र माणसाचं कसं असेल? म्हणून लाल कापडात बांधून कोपऱ्यातल्या फडताळात, देवमाहात्म्यांच्या पोथ्यांत ठेवलंय."

सरकार आधी खुलले, मग घुटमळले. "पोथ्या कोण वाचतो हो? आम्हाला चरित्रांतच जागा हवी."

"आत्ता हलवतो, सरकार. आपली एखादी चूक तेवढी लिहून द्या."

सरकार बराच वेळ आढ्याकडे बघत राहिले. दिवाण खोकल्याचे निमित्त करून बाहेर सटकले.

"एकही आठवत नाही," सरकार अखेर म्हणाले.

पंतांनी मान तुकवली आणि लाल कापडातल्या त्या पोथीला हळदकुंकू वाहिले.