शिळेला भरलेला मल्ल

नदीकाठच्या एका गावात येसबा नावाचा मल्ल राहायचा. अंगानं उंच, हाडानं बारीक, पण चपळ असा की समोरचा हात पुढे करेपर्यंत हा त्याच्या पाठीवर असायचा.

त्या गावाची एक रीत होती. पूर्वी तिथे दौलत नावाचा नामी पहिलवान होऊन गेला. त्याच्या वजनाची शिळा गावानं तालमीत जपून ठेवली होती. संक्रांतीला धान्याच्या मोठ्या तराजूत एकीकडे शिळा ठेवायची, दुसरीकडे मल्ल बसवायचा. शिळेला भरेल त्यानंच चैत्राच्या जत्रेत गावातर्फे लढायचं. दौलत ठेंगणा आणि चांगला रुंद होता, हे मात्र सगळे विसरले होते. माणूस जातो, त्याचं माप उरतं, आणि मागची शहाणी मंडळी त्या मापाचीच पूजा करत बसतात!

येसबा पारड्यात बसला की अधांतरीच राहायचा. दर जत्रेला शेजारचं गाव मानाची ढाल जिंकून न्यायचं आणि हा कडेला उभा राहून बघायचा. ते त्याच्या जिवाला फार लागलं. यंदा लढायचंच, असं त्यानं ठरवलं.

मग खुराक सुरू झाला. तूप, बदाम, खवा. भूक असो नसो, ताट समोर हजर. जोर-बैठका त्यानं कमी केल्या. घामानं वजन उतरतं म्हणे! संक्रांतीला पारडं एकदाचं खाली आलं. गावानं गुलाल उधळला. येसबाची छाती फुगली. पोट आधीच फुगलेलं होतं.

घरच्या चढावर मात्र त्याला धाप लागली. तो दगडावर टेकला. मागून बायको सगुणा भरली घागर घेऊन आली, त्याला ओलांडून गेली आणि वळून म्हणाली, "अवं, शिळेला भरलात, पर सोताला उणं पडलात की!"

येसबा तणतणत तालमीत परतला आणि एका जोडीदाराशी झोंबला. त्यानं येसबाला बघता बघता चीत केलं. येसबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गडी खरा होता. तो उठला आणि वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

"वस्ताद, या अंगानं मी गावाची अब्रू घालवीन. मला माझ्या वजनावर जाऊ द्या."

"आन् रीत मोडू म्हनतोस?"

"जत्रेआधी शिळेला भरलेला कुनीबी गडी माझ्यापुढं उतरवा. हरलो तर लंगोट खुंटीला टांगीन, पुन्हा मातीत पाय ठेवनार न्हाई."

वस्ताद तयार झाले. येसबानं पोटाला हवं तेवढंच खाल्लं आणि घाम गाळला. अंग उतरलं तशी चपळाई परतली. जत्रेच्या तोंडावर शिळेला भरलेले गडी एकेक करून मातीत उतरले आणि एकेक करून आडवे झाले. वस्तादांनी येसबाच्या पाठीवर थाप मारली.

जत्रेत शेजारगावचा धिप्पाड मल्ल त्याला बघून हसला. ते हसू पुरतं मावळायच्या आत त्याची पाठ मातीला लागली. मानाची ढाल गावात आली. पडलेला मल्ल अंगावरची माती झटकत म्हणाला, "गड्या, वजन तरी किती रं तुजं?"

येसबा म्हणाला, "माजं पाय हसत पेलतील तेवढं."

तात्पर्य: शरीराचं योग्य माप आपली उंची, आपलं हाडपेर आणि आपलं काम बघून ठरतं, दुसऱ्याच्या मापात बसायला गेलेला स्वतःचं बळ गमावतो.