बारगिराचे ओझे

एकदा एका सरदाराच्या पागेत एक गरीब तरुण वृद्ध उस्तादांकडे घोडेस्वारी शिकत होता. त्याची मांड पक्की होती, मन मात्र कच्चे. स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो तो शिलेदार आणि पागेच्या घोड्यावर बसतो तो बारगीर, अशी तेव्हाची रीत. एका व्यापाऱ्याच्या मुलाला बापाने नुकताच घोडा घेऊन दिला होता. त्याने या शिष्याला चारचौघांत हिणवले, "अरे बारगिरा, दुसऱ्याच्या घोड्यावर कसली मिजास करतोस?"

शब्द जिव्हारी लागला. शिष्याने तिथल्या तिथे शर्यतीची पैज मारली आणि पागेची करडी घोडी नदीपर्यंत अशी पिटाळली की पैज जिंकली. पण खोगिराखालच्या घोंगडीची घडी सरकली होती, ती त्याने घाईत पाहिलीच नाही. घोडीची पाठ सोलवटून निघाली. परतल्यावर तिला खरारा नाही की पाणी नाही. जखमेवर भरजरी झूल टाकली आणि हा पठ्ठ्या विजयाच्या गोष्टी सांगत जेवायला बसला!

सकाळी उस्तादांनी झूल उचलली.

"हे काय?"

"माझ्या अब्रूचा प्रश्न होता, उस्ताद."

"आणि हिच्या पाठीचा?"

शिष्य फणकारला, "घोडी काय माझी आहे? पागेची आहे. पागा दुसरी देईल."

'माझ्या बापाचे काय जाते' ही वृत्ती काही आजचीच नव्हे!

उस्ताद संतापले. त्यांनी ते जड खोगीर स्वतःच्या वाकलेल्या पाठीवर घेतले, घोडीचा लगाम धरला आणि भर पेठेतून घोड्यांच्या वैद्याकडे निघाले. लोक थांबून पाहू लागले. शिष्य मागे धावला.

"उस्ताद, द्या ते माझ्याकडे. पाठ मोडेल तुमची!"

"मोडू दे," म्हातारा कडाडला. "माझी पाठ तरी तुझी कुठे आहे? पागा दुसरा उस्ताद देईल!"

शिष्याची मान खाली गेली.

"बारगीर म्हटल्याचा राग आला तुला. अर्थ तरी ठाऊक आहे? फारसीत बार म्हणजे ओझे, गीर म्हणजे घेणारा. मुळात हे ओझे वाहणाऱ्या घोड्याचे नाव, ते पुढे स्वाराला मिळाले. जे आपले नाही आणि विश्वासाने आपल्या हाती दिले आहे, त्याचा भार आपल्या माथी असतो. जखम चिघळली तर हिच्यावर पुन्हा खोगीर चढणार नाही, आणि निकामी घोडीला कोणी दाणा घालत नाही. त्या पोराने नुसते नाव घेतले होते रे. त्या नावाची शिवी तू केलीस!"

शिष्याचे डोळे भरून आले. त्याने खोगीर उतरवून स्वतःच्या पाठीवर घेतले.

पेठेच्या टोकाला व्यापाऱ्याचा मुलगा उभाच होता. "काय रे बारगिरा," तो खिदळला, "आज घोडी तुझ्यावर बसणार वाटतं?"

"हो, बारगीर आहे मी," शिष्य म्हणाला, आणि घोडीच्या जखमेवरची माशी हाकलत तिच्या बाजूने चालू लागला.