डाव्या डोळ्यातला शिल्लक नंबर

एकदा एक वयोवृद्ध नेत्रवैद्य होते. हात स्थिर, जीभ मिश्कील. त्यांच्याकडे एक शिष्य लेसरची विद्या शिकत होता. मुलगा हुशार, पण रुग्णाने तक्त्यावरची शेवटची बारीक ओळ वाचली की त्याला ब्रह्मानंद होई, आणि नाही वाचली तर त्या दिवशी जेवण गोड लागत नसे.

एके दिवशी येवल्याहून एक पैठणी विणणारा कारागीर आला. वय पन्नाशीकडे झुकलेलं. लांबचं अंधूक दिसे, आणि बुबुळाची गोलाई सारखी नसल्यामुळे रेषाही पसरट दिसत.

"संक्रांतीला मान वर केली की चष्मा घसरतो," तो म्हणाला, "अन् मी तो सावरीपर्यंत पोरं माझा पतंग काटतात. लेसरनं एवढं जमवा, डॉक्टरसाहेब."

शिष्याने सगळ्या तपासण्या केल्या आणि दोन्ही डोळ्यांचा नंबर शून्यावर आणण्याचा आराखडा हौसेने गुरूंपुढे ठेवला. गुरूंनी कारागिराशी एकांतात गप्पा मारल्या, काही दिवस डोळ्यांत तात्पुरत्या लेन्स लावून त्याला मागावर बसवून पाहिलं, आणि मग शस्त्रक्रिया केली. रेषा पसरवणारा दोष दोन्ही डोळ्यांतून गेला. उजवा डोळा शून्यावर आला. डाव्यात मात्र त्यांनी थोडा नंबर मुद्दाम राहू दिला.

पुढच्या तपासणीत उजव्या डोळ्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. डावा तक्त्याच्या मध्यावरच अडला. शिष्य खट्टू झाला. बरं व्हायला आलेल्याला अर्धवट ठेवायचं, ही कुठली विद्या?

गुरू एवढंच म्हणाले, "संक्रांतीला येवल्याला जाऊ."

गेले. गच्चीगच्चीवर माणसं, आकाश पतंगांनी भरलेलं. कारागीर मान मागे टाकून, उघड्या डोळ्यांनी, वीस वर्षांच्या पोरासारखा ढील देत होता. त्याने शेजाऱ्याचा पतंग काटला आणि आनंदाने जागच्या जागी नाचला. तेवढ्यात खालून बायकोने हाक मारली, "अहो, धागा तुटला." मांजा मुलीच्या हाती देऊन तो खाली आला आणि मागावर वाकून, चष्म्याशिवायच, केसाएवढा रेशमी धागा सांधून पुन्हा वर पळाला.

शिष्य बघतच राहिला.

"अरे, चाळिशीनंतर सगळ्यांचंच जवळचं दिसणं मंदावतं," गुरू हलकेच म्हणाले. "याचं भागत होतं, कारण चष्मा काढला की त्याचा तो नंबरच त्याला धागा दाखवत असे. दोन्ही डोळे शून्यावर आणले असते, तर आकाश मिळालं असतं आणि मागासाठी नवा चष्मा लागला असता. आता उजवा पतंग बघतो, डावा पैठणी. आपण दोष काढायला बसतो खरे, पण त्यातला कुठला माणसाच्या कामाचा आहे, हे आधी त्यालाच विचारावं."

जेवताना कारागीर शिष्याच्या पानात गुळाची पोळी वाढायला आला आणि जरा ओशाळून म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तुम्ही एवढी मेहनत घेतली, पण डाव्या डोळ्यानं ती खालची ओळ काही वाचता आली नाही बघा."

"राहू द्या," शिष्य हसून म्हणाला. "ती ओळ मलाच हवी होती."

आणि त्या दिवशी त्याला जेवण फार गोड लागलं.