पडला की पाडला?

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा पाखरं माणसांशी बोलायची आणि माणसं त्यांचं ऐकूनही घ्यायची.

एका घाटाच्या पायथ्याशी कुंभारांचं गाव होतं. त्या गावात काही फुटलं, की लहानथोरांच्या तोंडी एकच प्रश्न यायचा, “पडलं की पाडलं?”

‘पडलं’ म्हटलं, की चार बायका धावत यायच्या, खापऱ्या गोळा करून द्यायच्या आणि विषय तिथेच संपायचा. ‘पाडलं’ म्हटलं, की शिक्षा ठरलेली. पाडणाऱ्यानं बारा वर्षं मातीला हात लावायचा नाही. आणि उत्तर द्यायचं ते मुठीत ओली माती धरून. ओली माती मुठीत असताना त्या गावात कोणी खोटं बोलत नसे.

त्याच गावात दोघी जावा राहायच्या. थोरलीच्या हाताला मोठा गुण होता. धाकटीही मन लावून घडवायची. मातीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

एकदा घाटमाथ्यावरच्या पाणपोईसाठी थोरलीनं महिनाभर राबून एक भला मोठा रांजण घडवला. आव्यात भाजून निघाल्यावर तो ओट्याच्या कडेला ठेवला, तेव्हा बघायला सारी आळी जमली. थोरलीनं बोटानं टिचकी मारली. रांजण घंटेसारखा वाजला.

“ऐक गं धाकटे,” ती म्हणाली. “आवाज असा असतो. तुझी मडकी बिचारी काय वाजणार! भरायच्या आधीच पाझरतात.”

सगळे हसले. धाकटी रांजणाशेजारीच उभी होती. तिचे कान तापले. आणि तिचा हात पुढे गेला. तळवा रांजणाला लागला, रांजण कलला आणि ओट्यावरून खाली येऊन त्याच्या शंभर खापऱ्या झाल्या.

मग गावातले पाच जाणते आले. त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर बाबांनी धाकटीच्या मुठीत ओली माती दिली.

“बोल सूनबाई. पडला की पाडला?”

‘पडला’ म्हटलं असतं तर सुटली असती. पण मुठीत माती होती. धाकटी आपल्या हाताकडे पाहत राहिली.

“मला ठाऊक नाही, बाबा,” ती म्हणाली.

“अगं बाई!” थोरली हात नाचवत म्हणाली. “हात स्वतःचा, आणि ठाऊक काय शेजारणीला असणार?”

पण धाकटी खरं तेच बोलत होती. हाताला तिनं ‘जा’ असं म्हटलं नव्हतं. तरी तो परक्याचा हातही नव्हता.

बाबा म्हणाले, “आठ दिवस देतो. नवव्या दिवशी उत्तर आलं नाही, तर पाडला असंच धरू.”

ओढ्यापलीकडे हाडं बसवणारी एक म्हातारी राहायची. मोडलेले हात दुरुस्त करण्यात तिचा जन्म गेला होता. हाताबद्दल विचारायचं तर हिलाच, असा विचार करून धाकटी तिच्याकडे गेली आणि सगळं सांगून म्हणाली, “मावशी, हात हलवतं तरी कोण?”

म्हातारीनं तिच्या कपाळावर बोट टेकवलं. “या कवटीत बसलेला कुंभार. मला तो दिसलेला नाही, पण त्याची करणी पाहिली आहे. एक लाकूडतोड्या झाडावरून डोक्यावर पडला. जखम भरली, पण डावा हात त्याचं ऐकेना. उजव्यानं बंडीची गाठ बांधावी, डाव्यानं सोडावी. ‘मावशी, हा हात माझा नाही, कुणाचा तरी मला चिकटलाय,’ म्हणून रडायचा.”

“बाई गं!”

“आणि दुसऱ्याचं उलटं. त्याच्याही डोक्याला मार बसलेला. हात लुळा, जागचा हलत नव्हता. ‘वर कर’ म्हटलं, की छाती काढून सांगायचा, ‘केला की!’”

धाकटी विचारात पडली. “म्हणजे हात हलणं वेगळं, आणि ‘मी हलवला’ असं वाटणं वेगळं?”

“दोन मडकी आहेत ती. घडतात एकाच घरी. रोज बरोबरीनं बाहेर पडतात, म्हणून आपल्याला एकच वाटतात.”

मग म्हातारीनं शीळ घातली. एक इवलीशी मुनिया उडत आली आणि धाकटीच्या मनगटावर बसली.

“आता मनाला येईल तेव्हा बोट उचल,” म्हातारी म्हणाली. “कधी, ते तूच ठरव. कुणाला सांगू नकोस.”

धाकटी गप्प बसली. थोड्या वेळानं मुनिया भुर्रकन उडाली. तिच्या मागोमाग धाकटीच्या मनात आलं, ‘आता!’ आणि मग बोट उचललं गेलं.

पुन्हा केलं, पुन्हा तेच. दहा वेळा केलं, दहाही वेळा पाखरू आधी, मन मागून आणि बोट शेवटी.

“लबाड! तुला माझ्या मनातलं कसं कळतं?”

“मनातलं कुठलं? मनगटातलं!” मुनिया म्हणाली. “आत शीर ताणली जाते, ती माझ्या पायांना कळते. तुला निरोप उशिरा पोचतो. मालकीणबाई अंथरुणात, आणि इकडे चूल पेटून भात शिजायला लागलेला!”

धाकटीच्या अंगावर काटा आला. तिनं आपला हात असा धरला, जणू आजच कुणी तिला दिला होता. याच हातानं तिनं हजारो मडकी थापटली होती. प्रत्येक थापेच्या आधी आत कुणीतरी चूल पेटवली होती, निरोप धाडले होते, आणि वर ‘हे तूच केलंस हो’ असं तिच्या कानात सांगितलं होतं. एवढं सारं चालू होतं आणि आवाज म्हणून नाही! बाहेर डोंगर होता, आकाश होतं. पण त्या क्षणी तिला आपलं मनगट त्या दोन्हींहून अथांग वाटलं.

मग एकदम तिचा चेहरा उजळला. “मावशी, मी सुटले! हात माझ्या आधीच निघाला होता. रांजण पडला!”

म्हातारीनं मुनियाला पुन्हा तिच्या मनगटावर बसवलं. “बस पुन्हा. आता पाखरू उडालं, की बोट थांबव.”

ते काही सोपं नव्हतं. पहिल्या दिवशी एकदाही जमलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मुनिया चिडवायची, “उठल्या का मालकीणबाई?” तिसरा दिवस गेला, चौथा गेला. पाचव्या दिवशी मुनिया उडाली, मनात ‘आता’ आलं, आणि धाकटी आतल्या आत म्हणाली, ‘नको.’ बोट जागचं हललं नाही.



“मावशी, मध्ये जागा आहे,” धाकटी हळूच म्हणाली. “तांदळाच्या दाण्याएवढी. पण आहे.”

आणि तिचे डोळे भरून आले. कारण आता तिला ती सकाळ आठवली. हात तिला न विचारता निघाला होता, हे खरं. पण वाटेत तेवढीच जागा तेव्हाही होती. त्या जागेत तिनं रांजण पाहिला होता, ओट्याची कडा पाहिली होती, आणि ती ‘नको’ म्हणाली नव्हती.

नवव्या दिवशी सारं गाव जमलं. धाकटीनं मुठीत माती घेतली. आता बारा वर्षं मातीला हात लागायचा नाही, असं तिला वाटलं.

“बाबा, रांजण पडला नाही, आणि मी पाडलाही नाही. मी तो पडू दिला.”

गावात असं उत्तर कधी कोणी दिलं नव्हतं. बाबांनी तिला समजावून सांगायला लावलं. ते दोनदा ऐकलं, आणि मग आपलंच एक बोट उचलून पाहिलं.

एवढ्यात थोरली पुढे आली. तिनं न मागता मूठभर ओली माती उचलली.

“त्या दिवशी माझी जीभही अशीच निघाली होती, बाबा,” ती म्हणाली. “ओठाशी आली तेव्हा मला कळलं होतं. मी जाऊ दिली.”

बाबांनी निकाल दिला, “पाडणाऱ्याची माती सुटते. पडू देणारीची सुटायची नाही, तिनं मातीतच भरपाई करावी. दोघींनी मिळून दुसरा रांजण घडवावा. तो होईपर्यंत धाकटीनं आपल्या मडक्यांतून पाणपोईचं पाणी घाट चढून वाहावं.”

धाकटीनं दोन महिने पाणी वाहिलं. तिची मडकी थोडी पाझरायची, हे थोरलीनं सोबत घाट चढताना पाहिलं, आणि एका वळणावर बसून मडक्याचं बूड कसं थापटायचं ते तिला दाखवलं. आणि त्या गावात काही फुटलं, की लोक तेव्हापासून तीन गोष्टी विचारू लागले, “पडलं, पाडलं, की पडू दिलं?”

बोध: पहिली उसळी आपल्याला न विचारता उठते, पण तिला जाऊ द्यायचं की थांबवायचं, हे सांगायला मिळणारा इवलासा क्षण आपला असतो, आणि त्याची जबाबदारीही आपलीच असते.