ओरखडे नसलेलं गलबत

फार जुनी गोष्ट आहे. एका खाडीत रीत होती की पोरांना शीड हाकायला जी बोट सगळ्यात चांगलं शिकवील, तिला वर्षातून एकदा झेंडूचा हार घालायचा. परीक्षक असायचा दगडी धक्का, कारण सगळ्या बोटी त्यालाच बांधलेल्या असत.

त्या वर्षी धक्क्याने बोटींची अंगं तपासली. जुन्या होडीवर ओरखडेच ओरखडे होते. शेजारचं गलबत मात्र चकचकीत. "याच्यावरून आजवर एकही पोर पाण्यात पडलं नाही," असं म्हणून त्याने हार गलबताला दिला.

होडी भडकली. "पडेल कसं? रंग खराब होईल म्हणून ते पोरांना चढूच देत नाही! माझ्यातून पोरं पडली, नाकातोंडात पाणी गेलं, तेव्हा कुठे त्यांना वारा कळायला लागला. हे ओरखडे त्यांचेच आहेत, धक्केराव! डोळे फुटलेत का तुमचे?"

"नीट बोल," धक्का गुरगुरला. तेवढ्यात वाऱ्याने हार उडून खाडीत पडला.

"आणा रे कुणीतरी!" गलबत जागेवरूनच ओरडलं.

गेल्याच आठवड्यात होडीतून पडून रडलेली कोळ्याची चांगुणा धावत आली. तिने होडी सोडली, शीड चढवलं, हार उचलून आणला आणि होडीलाच बांधू लागली.

"मला नको तो!" होडी कडाडली. "ज्याला दिलाय त्यालाच घाल. त्याला नुसतं उभंच राहायचंय. इथे माझा वारा फुकट चाललाय. चल, पुढचं पोर चढव!"